विमान भरून जात होतं, मग सेवा बंद का झाली?

प्रश्न सिंधुदुर्गातून आला आहे. चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं, मुंबईचं विमान सुरू झालं, गणपतीत तर तिकीट मिळायची मारामार. आणि तीन वर्षांनी सेवा बंद. विमान भरून जात असताना कंपनी ते बंद का करते? आणि मुळात कुठून कुठे उडायचं हे कंपन्या ठरवतात तरी कशावरून?

मी बरीच वर्षं विमान कंपन्यांच्या नेटवर्क प्लॅनिंगमध्ये काढली. कोणतं विमान किती वाजता कुठून सुटेल, रात्री कुठे थांबेल, याचा तक्ता जिथे बनतो त्या टेबलावर. तिथून हे सगळं कसं दिसतं ते सांगतो. उत्तर जरा लांबेल.

आधी चिपीच्या तारखा बघा. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२४. बरोब्बर तीन वर्षं, आणि हा योगायोग अजिबात नाही. हा मार्ग छोट्या शहरांना विमानानं जोडण्याच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतला होता, त्यावर अलायन्स एअरचं सत्तर आसनांचं एटीआर जातीचं छोटं विमान उडत होतं. उडानमध्ये कंपनीला विमानातली ठरावीक आसनं सरकारनं बांधून दिलेल्या दरात विकावी लागतात. २०१७ मध्ये योजना प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये असा तो दर होता. त्या दरात येणारी तूट सरकार भरून देतं. कागदावर ‘व्हायबिलिटी गॅप फंडिंग’, बोलण्यात व्हीजीएफ. ही मदत तीन वर्षं मिळते. चौथ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी व्हीजीएफ शून्य होतो आणि प्लॅनिंगच्या टेबलावर तोच मार्ग नव्यानं ठेवला जातो: मदतीशिवाय हा आपण आज सुरू केला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर विमान दुसरीकडे जातं. तिथे भावनेला वाव नसतो, आणि खरं सांगायचं तर रागालाही नसतो.

चिपी एकटं नाही. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब कॅगनं २०२३ मध्ये मांडला. वाटलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. मदत संपल्यावरही चालू राहिलेले, मार्च २०२३ पर्यंतचे, ५४. ज्या ५४ मार्गांनी तग धरला त्यांच्यात काय होतं आणि बाकीच्यांत काय नव्हतं, हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हाती येतं.

‘विमान भरून जात होतं’ यापासून सुरू करू. हिशेबासाठी धरा की एटीआरचं एका बाजूचं एक उड्डाण सगळं मिळून अडीच लाख रुपयांत पडतं: इंधन, विमानाचं भाडं, वैमानिक आणि केबिन क्रू, देखभाल, विमानतळाचे आकार. आसनं ७८ धरा, इंडिगोच्या एटीआरइतकी. कर वगैरे वजा जाता कंपनीच्या हातात तिकिटामागे सरासरी ३,५०० रुपये उरत असतील, तर नुसता खर्च निघायला ७२ माणसं लागतात. म्हणजे विमान ९२ टक्के भरलेलं हवं. रोज, दोन्ही बाजूंनी, बाराही महिने. सरासरी ४,५०० वर गेली की तेच विमान ५६ माणसांत सुटतं, ७२ टक्क्यांत. विमानात बसलेल्या माणसाला शेजारच्या खुर्च्या भरलेल्या दिसतात. त्या खुर्च्यांवरच्या लोकांनी काय पैसे मोजलेत ते त्याला दिसत नाही, आणि आमचं सगळं लक्ष त्यावरच असतं. धंद्यात याला यील्ड म्हणतात.

चार-साडेचार हजाराची सरासरी कोणामुळे येते? महिनाभर आधी स्वस्त तिकीट पाहून ठेवणाऱ्या कुटुंबामुळे येत नाही. परवा मीटिंग ठरली म्हणून उद्याचं तिकीट काढणाऱ्यामुळे येते. कारखान्याचा इंजिनिअर, आठवड्यातून एकदा दुसऱ्या शहरात ओपीडी करणारे डॉक्टर, वकील. म्हणून शहरात किती लोक राहतात यापेक्षा तिथे किती लोक ऐनवेळी तिकीट काढतात हे आम्ही आधी विचारतो. अशा गोष्टी बदलतातही. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूरकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि ते योग्यच झालं. पण कोल्हापूर–मुंबई मार्ग बघणाऱ्या प्लॅनरनं त्या दिवशी वहीत एक नोंद नक्की केली असेल. ऐनवेळी मुंबई गाठणारे वकील आणि पक्षकार आता कमी होणार. तसाही तिथला खरा प्रतिस्पर्धी रात्री सुटून सकाळी पोचवणारी महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. ती हॉटेलचं भाडंही वाचवते.

कोकणाचं दुखणं याहून वेगळं आहे. गणपतीच्या आधीचे चार दिवस आठवा. मुंबईहून येणारं विमान सत्तर आसनांना सत्तर. तेच विमान अर्ध्या तासात परत फिरतं तेव्हा त्यात कोण असतं? चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणातून मुंबईला कोण निघालंय? पाच-सात दिवसांनी चित्र उलटं: परतीला रेटारेटी, यायला शुकशुकाट. मे महिन्यातही तेच. दोन्ही बाजूंची सरासरी काढली की ‘फुल’ विमान अर्ध्याच्या जरा वर निघतं. आणि लोकांच्या लक्षात राहतो तो दिवस तिकीट न मिळाल्याचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारचं विमान कोणी मोजत नाही. त्यात पाऊस. ढग खाली आले, दिसेना, वैमानिकानं दोन घिरट्या घेऊन विमान दुसरीकडे नेलं, की त्या फेरीचा खर्च दुपटीकडे जातो आणि पैसे मात्र एकदाच मिळालेले असतात.

आणि मोपा. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या मोपा विमानतळावरून नियमित उड्डाणं सुरू झाली. चिपीच्या उडानमधल्या तीन वर्षांतली जवळजवळ दोन वर्षं मोपाच्या सावलीत गेली. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपा जवळ. तिथे १८० आसनांची एअरबस उतरते; खर्च जास्त डोक्यांवर वाटला जात असल्यामुळे दर आसनामागचा खर्च एटीआरपेक्षा कमी. आणि मुंबईला दिवसात अनेक विमानं. ही शेवटची गोष्ट लोक हलक्यात घेतात. दिवसाला एकच विमान असलेल्या विमानतळावरून कामाचा माणूस निघायला कचरतो, कारण ते एक रद्द झालं तर दिवस गेला. चार विमानं असतील तर तो पाचशे रुपये जास्त देतो आणि तासभर जास्त गाडी चालवतो. चिपीचं कॅचमेंट, म्हणजे जिथले लोक त्या विमानतळावर येतील तो टापू, कुडाळ–मालवण–वेंगुर्ल्यापुरता उरला. प्रवासी नाहीसे झाले असं नाही, ते गोव्यातून उडू लागले.

इथपर्यंत एका मार्गाचा हिशेब झाला. पण कंपनी एकेक मार्ग सुटा पाहतच नाही. ती विमानाचा दिवस पाहते. आमच्याकडे त्याला लाइन म्हणतात.

कल्पनेतली एक लाइन घेऊ. एटीआर हैदराबादला मुक्कामी आहे. सकाळी ६.३० ला सुटून ८ वाजता कोल्हापूर. २५ मिनिटांत उतारू उतरवून, झाडून, नवे भरून ८.२५ ला परत, ९.५५ ला हैदराबाद. १०.३० ला राजमुंद्री, दुपारी सव्वाला परत. १.५० ला निघून ३.३५ ला नाशिक, ४ ला परत फिरून पावणेसहाला हैदराबाद. मग ६.२० ला तिरुपती आणि रात्री ९.२५ ला शेवटचं टेकणं. आठ उड्डाणं, साडेअकरा तास हवेत. विमानाचं भाडं महिन्याला ठरलेलं असतं, ते उडो वा न उडो. म्हणून विमान जितका वेळ हवेत तितका त्या भाड्याचा बोजा पातळ होतो. इंडिगोनं २००६ पासून जे करून दाखवलं त्याचं निम्मं गुपित इथे आहे: सुरुवातीची बरीच वर्षं एकाच जातीचं विमान, त्यामुळे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर, एकच सुट्या भागांचं कोठार, जमिनीवर कमीत कमी वेळ, आणि दिवस पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ताणलेला. उरलेलं निम्मं विमानं विकत घेण्याच्या पद्धतीत आहे. एकगठ्ठा शेकड्यानं ऑर्डर द्यायची, सवलत मिळवायची, विमान हाती येताच भाड्यानं देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तेच भाड्यानं वापरायचं. सहा वर्षांनी जुनं परत, नवं दारात.

आता वरच्या लाइनमध्ये चिपीसारखं विमानतळ बसवून बघा. ज्या विमानतळावर दिवसाच उतरता येतं, किंवा जिथे कर्मचारी ठरावीक तासच असतात (यांना वॉच अवर्स म्हणतात), तो लाइनच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीला निकामी ठरतो. मग त्याला मधली, दुपारची वेळ मिळते. दुपारी बाराला मुंबईत उतरणाऱ्या विमानाचा कामाच्या माणसाला काय उपयोग? त्याला सकाळी नवाला पोचून संध्याकाळी परतायचं असतं. शिर्डीला २०१७ मध्ये विमानतळ सुरू झाला, पण रात्रीची उड्डाणं एप्रिल २०२३ मध्ये आली. मधली सगळी वर्षं तिथली वेळापत्रकं सूर्यास्तावर बेतलेली होती. हिवाळ्यात उत्तरेकडून एखादं विमान धुक्यामुळे तीन तास उशिरा निघालं, की शिर्डीची संध्याकाळची फेरी रद्दच.

लाइन किती ताणायची यालाही मर्यादा आहे आणि ती डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशानं पाहिली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, आणि १ नोव्हेंबरपासून एका वैमानिकाला करता येणारी रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. ज्या कंपनीचा तक्ता सर्वांत घट्ट, तिलाच सर्वांत जास्त फटका बसला. ५ डिसेंबरला इंडिगोची एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. विमानं जागेवर होती, प्रवासी जागेवर होते, वैमानिकांचे तास संपले होते. असा तक्ता करताना थोडी ढील ठेवायची असते. ती ठेवणाऱ्याला चांगल्या दिवसात कोणी शाबासकी देत नाही, हा या धंद्याचा जुना रोग आहे.

मुंबईचा प्रश्न आणखी अवघड आहे आणि महाराष्ट्रातले बरेच छोटे मार्ग तिथेच मेले. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४६ च्या आसपास उड्डाणं-लँडिंग हा तिचा वरचा टप्पा. प्रत्येक उतरण्याची आणि उडण्याची वेळ म्हणजे स्लॉट. सकाळी आठचा स्लॉट कंपनीच्या दृष्टीनं जमिनीच्या तुकड्यासारखाच असतो. त्यावर २३० आसनांचं दिल्लीचं ए३२१ उभं करायचं की सत्तर आसनांचं एटीआर, असा सरळ प्रश्न असतो. उत्तर काय येतं ते सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरात नव्यानं उभ्या राहिलेल्या एअर डेक्कननं नाशिक आणि जळगावहून मुंबईला १९ आसनांची बीचक्राफ्ट विमानं सुरू केली होती. सोयीचे स्लॉट मिळवण्यापासूनच रड होती आणि सेवा फार टिकली नाही. नाशिक–मुंबई तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. ओझरला जायचं, तासभर आधी पोचायचं, मुंबईत विमान आकाशात घिरट्या घालणार, आणि मग विमानतळाबाहेरची वाहतूक. तेवढ्यात गाडीनं माणूस कसारा घाट उतरून घरी गेलेला असतो.

त्याच ओझरहून पुढे दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु, अहमदाबाद हे मार्ग उभे राहिले. नाशिकचा विमानतळ चालू शकतो, फक्त तो मुंबईकडे तोंड करून चालणार नाही. यामागे हब नावाचं प्रकरण आहे, आणि ते समजलं की छोट्या शहरांची बरीच कोडी सुटतात.

नाशिकचा माणूस विशाखापट्टणमला जायला निघाला. थेट विमान चालवण्याइतके लोक नाहीत. हैदराबादला विमान बदलून तो जातो. त्याच विमानात कोणी चेन्नईचा, कोणी विजयवाडा, कोणी नुसता हैदराबादचा. एका छोट्या विमानात दहा-पंधरा गावांची गिऱ्हाइकं गोळा होतात. तिकिटाचे पैसे दोन उड्डाणांत वाटले जातात, त्यामुळे कागदावर नाशिक–हैदराबाद कधी तोट्यातही दिसेल. पण ते बंद केलं तर हैदराबादहून पुढे जाणाऱ्या विमानांतली दहा-बारा आसनं रिकामी पडतात. म्हणून मोठं जाळं असलेली कंपनी तोट्यातलं दिसणारं उड्डाणही चालू ठेवते. दोन-तीन विमानांच्या कंपनीकडे पुढचं उड्डाणच नसतं. तिच्यासाठी प्रत्येक मार्गानं स्वतःचं पोट स्वतः भरायचं. ट्रूजेटनं नांदेड, कोल्हापूर, जळगाव या सगळ्यांना मुंबईशी जोडलं, मनापासून चालवलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची विमानं थांबली तेव्हा ही शहरं एकदमच उघडी पडली.

हब म्हटलं की कोणीतरी नागपूर काढतंच. देशाच्या मधोमध आहे, मग हब का होत नाही? गंमत अशी की नागपूर हब होतं, आणि तेही फार आधी. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार बाजूंनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची आणि थोड्याफार उतारूंची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. फेडेक्सनं मेम्फिसला हेच १९७३ मध्ये केलं आणि जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ते शिकवलं गेलं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर ते चोवीस वर्षं आधी होत होतं. टपालाला मध्यरात्री विमान बदलायला त्रास होत नाही. माणसाला होतो. दिल्ली–चेन्नई थेट अडीच-पावणेतीन तासांत जाता येत असताना तो नागपूरला का उतरेल? त्या दोन शहरांत थेट विमान भरण्याइतके लोक आहेत. हब तिथे उभं राहतं जिथे पोचण्यासाठीच पुष्कळ लोक येतात, आणि बदलणारे त्यावर भर म्हणून मिळतात. हैदराबाद, बंगळूरु तशी आहेत. नकाशावरचं केंद्र कंपनीला थोडं इंधन वाचवून देईल, बस.

दुबईनं हे कोडं उलट्या बाजूनं सोडवलं. स्वतःची लोकवस्ती थोडी, पण भारत एका बाजूला आणि युरोप-अमेरिका दुसऱ्या बाजूला, आणि शहरच असं बांधलं की लोक तिथेही उतरू लागले. भारत आणि दुबई यांच्यात प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला साधारण ६६ हजार आसनांचा कोटा आहे. दुबईच्या कंपन्या तो वाढवून मागतात, इकडच्या विरोध करतात. कारण साधं आहे: त्या आसनांवरचा सांगली-साताऱ्याचा मुलगा दुबईला उतरत नाही, पुढे लंडन किंवा शिकागोला जातो, आणि लांबच्या प्रवासाचे पैसे परक्या कंपनीकडे जातात. इंडिगोनं जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमला मोठी विमानं भाड्यानं आणून सुरुवात केली ती याच पैशांसाठी. भारताच्या कंपन्यांना हे इतक्या उशिरा का सुचलं, असं लोक विचारतात. सुचलं होतं, जेट आणि किंगफिशर दोघींनीही प्रयत्न केले. पण देशातल्या मार्गांवरच रक्त सांडत असताना लांबची विमानं सांभाळणं त्यांना झेपलं नाही. किंगफिशरनं २००७ मध्ये जुन्या एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला, जेटनं त्याच वर्षी एअर सहारा. दोघींनी महागडी आणि स्वस्त अशा दोन विमानसेवा एका छपराखाली आणल्या, आणि गिऱ्हाइकाला आपण नेमकं काय विकत घेतोय तेच कळेनासं झालं. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ च्या रात्री.

याच्या उलट एक पुण्याचं उदाहरण मला नेहमी आवडतं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, लांबी मर्यादित, मोठं विमान पूर्ण भरून उन्हाळ्यात उडवणं कठीण. तरी २००८ मध्ये लुफ्तान्सानं पुणे–फ्रँकफुर्ट थेट सेवा सुरू केली. प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचं छोटं विमान, आसनं मोजकी, त्यात बिझनेस क्लासचा वाटा मोठा. प्रवासी कोण? चाकण-पिंपरीच्या जर्मन वाहन उद्योगातले लोक. तिकीट महाग, पण मुंबईपर्यंतचा एक्सप्रेसवे आणि मध्यरात्रीची रांग टळली तर त्यांची कंपनी ते पैसे देत होती. ती सेवा पुढे बंद झाली, तरी कल्पना चोख होती. किती लोक, यापेक्षा कोण लोक.

सरकारी नियमही जाळ्याचा आकार ठरवतात, आणि ते कधी कधी फार बारीक पातळीवर दिसतात. आपल्याकडे ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंगचे पैसे माफ आहेत. इंडिगोच्या एटीआरमध्ये आसनं किती? ७८. इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे राज्यागणिक व्हॅट वेगळा. महाराष्ट्रानं मुंबई-पुण्याचा व्हॅट २०२३ च्या अर्थसंकल्पात २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. फरक मोठा असेल तर स्वस्त राज्यातून जास्त इंधन भरून आणतात, ते जास्तीचं वजन वाहायला आणखी इंधन जाळतात, आणि तरीही पैसे वाचतात. याशिवाय १९९४ पासून एक नियम असा आहे की मुंबई–दिल्लीसारख्या मलईच्या मार्गांवर जेवढी क्षमता उडवाल, तिच्या १० टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीपकडे लावायची. कोकण किंवा मराठवाड्यासाठी असं काही बंधन नाही, त्यामुळे इथे सगळा मामला निव्वळ हिशेबाचा.

मराठवाड्यातलं नांदेड या हिशेबात उत्तीर्ण होतं, तेही मुंबईमुळे नव्हे. एअर इंडियानं डिसेंबर २०१७ मध्ये अमृतसर–नांदेड सुरू केलं तेव्हा ज्यांना हुजूर साहिब माहीत नाही त्यांना ते विचित्र वाटलं होतं. दोन्ही टोकांना गुरुद्वारा, दोन्ही बाजूंनी भाविक, रेल्वेनं दीड दिवस. पुढे २०२४ मध्ये स्टार एअरनं नांदेडला आदमपूर, हिंडन आणि बंगळूरुशी जोडलं. शिर्डीलाही मुख्य आधार हैदराबाद, चेन्नई, बंगळूरुच्या भक्तांचा. मुंबईचा साईभक्त गाडीनंच येतो, आणि समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तर आणखीच.

मग चिपीनं काय करायचं? गोव्यात तळ असलेली फ्लाय९१ मार्च २०२४ पासून उडते आहे, आणि तिनं सिंधुदुर्गसाठी सुरुवातीला मुंबईला हात न लावता पुणे, हैदराबाद, बंगळूरु निवडलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. पुण्याला रस्त्यानं घाट ओलांडून सात-आठ तास जातात, बंगळूरुला त्याहून जास्त. तिथे विमानाचा खरा फायदा आहे. आणि एटीआरचा तळ शेजारीच मोप्यात असल्यामुळे वैमानिक किंवा सुटा भाग दूरवरून आणावा लागत नाही.

तुमच्या भागातले लोकप्रतिनिधी आणि व्यापारी संघटना दरवेळी ‘मुंबईचं विमान सुरू करा’ एवढंच निवेदन देतात. त्याऐवजी तीन गोष्टी मागा. एक, विमानतळाचे तास सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत वाढवून मागा, रात्री उतरण्याची सोय आणि एक विमान मुक्कामी ठेवण्याची जागा मागा. एसटीची मुक्कामी गाडी ज्या गावात असते त्या गावाला सकाळची पहिली फेरी आपोआप मिळते, विमानाचंही तेच. दोन, मुंबई हवीच असेल तर ती नवी मुंबईहून मागा. तिथे २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि सकाळचे स्लॉट अजून जुन्या विमानतळाइतके आवळलेले नाहीत. दोन-तीन वर्षांनी ही संधी राहणार नाही. तीन, पैसे कुठून येणार ते आधी ठरवा. सोलापूर–मुंबईसाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून व्हीजीएफ दिला. तो मार्ग मिळतो. पण त्याहून भक्कम म्हणजे हॉटेलवाले, आंबा-काजू व्यापारी, रुग्णालयं यांनी मिळून महिन्याला ठरावीक आसनं आगाऊ विकत घेण्याची लेखी हमी देणं, विशेषतः जून ते ऑगस्टसाठी. प्लॅनरच्या टेबलावर शंभर निवेदनं येतात. पावसाळ्यातल्या मंगळवारची पंधरा आसनं विकली गेल्याचा कागद फार क्वचित येतो, आणि तो आला की आम्ही त्या विमानतळाची फाइल उघडून वॉच अवर्स बघायला घेतो.